आठ बाय चारची होडी

नांदेडात कुणी सांगितले की आम्ही चार मित्र मिळून घरी लाकडी होडी बांधतोय, तर पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुठंय?" लातूरला तेवढेही कुणी विचारणार नाही, नुसते हसतील. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ज्या गाडीला ‘जलदूत’ म्हणावे लागले, तिथे होडीचे नाव काढणे म्हणजे चेष्टाच.

पण होडी बांधायला पाणी लागतच नाही. लागते ती कोरडी जागा, सावली आणि सपाट फरशी, आणि या तीन गोष्टींची मराठवाड्यात कधी टंचाई पडलेली नाही. पाणी लागते शेवटच्या दिवशी. त्या दिवसासाठी नांदेडकरांना विष्णुपुरी आहे, कंधारकरांना जगत्तुंग समुद्र आहे, लोह्याकडच्यांना लिंबोटी आहे आणि पाऊस बरा झाला तर लातूरकरांना मांजरा आहे. राष्ट्रकूट काळातल्या माणसांनी कंधारच्या तळ्याला ‘समुद्र’ म्हटले, यावरून या भागातल्या लोकांचे पाण्याबद्दलचे स्वप्न किती मोठे होते हे कळते. होडी बांधणारा त्याच जातकुळीतला.

घरी होडी बांधण्याचा छंद जगात जुना आहे. गॅरेजमध्ये, अंगणात, शाळेच्या कार्यशाळेत सुटीच्या दिवशी चारजण जमतात आणि दोन-चार महिन्यांनी एक नाव उभी करतात. आपल्याकडे हे परदेशी खूळ वाटते. पण हौसेने बांधलेल्या नावांमध्ये सर्वांत मोठे नाव मिळवलेली नाव महाराष्ट्रात, मुंबईत बांधली गेली. तिचे नाव ‘सुहेली’.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश तरुण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता आणि मुंबई हे त्याचे ठाणे होते. सोबतच्या अधिकाऱ्यांशी बोलता बोलता बेत ठरला की एक शिडाची बोट इथेच बांधून घ्यायची आणि तिच्यातूनच मायदेशी जायचे. आराखडा इंग्लंडहून मागवला. आला तो त्यांना हवा होता तो नव्हेच, १९२० च्या दशकातल्या ‘एरिक’ नावाच्या जुन्या बोटीचा. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात मदतीला जाणाऱ्या जाडजूड बोटींवरून तो बेतलेला होता. परत पाठवून दुसरा मागवायला वेळ नव्हता, म्हणून आहे तोच चालवून घेतला. या तडजोडीचे मोल पुढे कळले.

बोट बत्तीस फुटांची, सगळी सागवानाची. बांधणारे हिंदी सुतार. यंत्रे जवळपास नाहीतच. लाकूड तासायला वाकस आणि भोके पाडायला दोरीने फिरवायचा सामता. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. तोवर मूळचे भागीदार गळाले होते. शेवटी नॉक्स-जॉन्स्टन आपला भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन १९६५ च्या अखेरीस मुंबईहून निघाला. वाटेत पैसे संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत थांबून कामे केली आणि १९६७ मध्ये तिघे इंग्लंडला पोचले.

खरी परीक्षा नंतर झाली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची अशी शर्यत १९६८ साली एका वृत्तपत्राने जाहीर केली. नऊजण निघाले. १४ जून १९६८ रोजी फाल्मथ बंदर सोडलेली सुहेली ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परतली. बाकीच्या आठांपैकी एकही ती पुरी करू शकला नाही. असा प्रवास करणारा नॉक्स-जॉन्स्टन हा जगातला पहिला माणूस ठरला.

या प्रवासातला एक प्रसंग होडी बांधू पाहणाऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. अटलांटिकमध्येच सुहेलीत पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने बुडी मारून खालून पाहिले, तर बोटीचा कणा आणि पहिली फळी यांच्यामधला सांधा हलत होता. असा सांधा भरायला कापसाची वात ठोकतात. पण पाण्याखाली ती बसेना. मग त्याने कॅनव्हासची लांब पट्टी शिवली, तिच्यात तांब्याचे खिळे आधीच टोचून ठेवले, एका दमात जेवढे होईल तेवढे ठोकायचे आणि श्वासाला वर यायचे असे करत सांध्यावर बसवली. वरून तांब्याचा पत्रा मारला. मधेच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. लाकडी नाव फळीत सहसा फुटत नाही, ती सांध्यात हरते. घरी आठ फुटांची होडी बांधणाऱ्यालाही आपले निम्मे लक्ष सांध्यांवरच द्यावे लागते.

सुहेलीची गोष्ट सांगताना वाकस चालवणाऱ्या सुतारांना बहुतेकजण एका वाक्यात उरकतात. मला ते पटत नाही. आराखडा परदेशी होता हे खरे, पण सागवानाची जाडी, गाभा आणि रेषा ओळखणारे हात इथलेच होते. १८१७ साली वाडिया या जहाजबांधणी घराण्याने मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडातल्या हार्टलपूलला तरंगते आहे. त्याच कसबाची ही पुढची पिढी.

अलीकडची उदाहरणेही जवळचीच आहेत. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि वरून इपॉक्सी व काचकापड अशी तिची घडण. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. नावाड्यानेच बांधणीत लक्ष घालावे म्हणून दोंदे बांधणीच्या काळात कारखान्यात ठाण मांडून होते. पुढे दर्यावर्दी अभिलाष टोमी यांच्यासाठी सुहेलीचीच प्रतिकृती, ‘थुरिया’, त्याच कारखान्यात तयार झाली. आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलेली ‘कौंडिण्य’ तर खिळ्याशिवाय, फळ्या नारळाच्या काथ्याने शिवून बांधलेली आहे. तिचा नमुना कुठला घेतला? अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्राचा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मराठवाड्याच्या डोंगरात पाचव्या शतकात कुणीतरी जहाज रंगवून ठेवले आणि दीड हजार वर्षांनी अभियंत्यांनी त्यावरून मापे काढली. तेव्हा "आपला आणि नावांचा काय संबंध" असे मराठवाड्याने म्हणू नये.

आता आपल्या अंगणातल्या होडीकडे येऊ.

फळ्यांची, म्हणजे कणा, बरगड्या आणि त्यावर ओळीने फळ्या अशी पारंपरिक होडी दिसायला सुंदर. नांदेड जिल्ह्यात तिच्यासाठी लाकूडही आहे. किनवट-माहूरचे सागवान प्रसिद्धच आहे आणि बैलगाडीसाठी वापरली जाणारी बाभूळ बरगड्यांना उत्तम. तरी पहिल्या होडीला मी हा मार्ग सुचवणार नाही. कारण आपली हवा.

लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, हवेत ओल उरत नाही. पावसाळ्यात भिजलेली सागवानाची सहा इंची फळी अशा उन्हाळ्यात दोनेक मिलिमीटर आकसते. होडीच्या एका बाजूला अशा पाच-सहा फळ्या धरल्या तर सगळ्या सांध्यांतून मिळून बोटभर उजेड दिसू लागेल. कोकणातली होडी वर्षाचे आठ-नऊ महिने पाण्यात असते, त्यामुळे फळ्या फुगून सांधे आपोआप आवळलेले राहतात. आपली होडी उलट, वर्षातले आठ-नऊ महिने पत्र्याच्या शेडखाली उलटी पडलेली असणार. दर वर्षी ती गळणार, दर वर्षी सांधे भरावे लागणार. छंदाचा जाच व्हायला एवढे पुरे.

प्लायवूडमध्ये ही अडचण नाही. त्यातले पातळ थर एकावर एक काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर फुगू पाहतो तेव्हा शेजारचा त्याला धरून ठेवतो. त्यावर इपॉक्सी चढवली की पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. कोरड्या मुलखात, वर्षातून थोडेच दिवस पाण्यात जाणारी होडी प्लायचीच हवी.

जगातल्या घरगुती होड्यांचा आकारही प्लायवूडनेच ठरवला आहे. आठ फूट बाय चार फूट हे त्याच्या पानाचे माप. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या नाव बांधणाऱ्याने मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी आखली ती पावणेआठ फुटांची, कारण त्याला सांधा न देता प्लायच्या पानांतून ती काढायची होती. स्थानिक लोकांनी मुलांना कमी खर्चात बांधून देता यावी ही अट घातली होती. आज हैदराबादच्या हुसेनसागरावर मुले शिडाची होडी चालवायला शिकतात ती हीच, फक्त आता बहुतेक फायबरची. दुसरे उदाहरण इंग्लंडातल्या ‘मिरर’ होडीचे. १९६३ साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने ती बाजारात आली. जॅक होल्ट हा नावांचा आराखडाकार आणि बॅरी बकनेल हा दूरचित्रवाणीवर घरदुरुस्तीचे कार्यक्रम करणारा कारागीर, अशी तिची जोडगोळी. कापलेले तुकडे, तार, डिंक सगळे एका खोक्यात मिळे. सत्तर हजारांहून अधिक मिरर होड्या बांधल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच स्वयंपाकघरात नाहीतर दिवाणखान्यात बांधल्या गेल्या असणार, आणि तो त्रास घरच्यांनी कसा सोसला यावर स्वतंत्र लेख व्हावा.

मिररची युक्ती आजही घरगुती होडीचा राजमार्ग आहे. फळ्या बरगड्यांवर ठोकण्याऐवजी प्लायचे तुकडे तारेने एकमेकांना शिवायचे.

आधी कागदावरची मापे प्लायवर उतरवायची. दर एक फुटावर एक खूण, प्रत्येक खुणेवर छोटा खिळा, आणि त्या खिळ्यांना टेकवून एक लवचिक लाकडी पट्टी वाकवायची. पट्टी जशी वळते तशीच रेघ ओढायची. एखादा खिळा तिला ढकलतो आहे असे दिसले तर मापात चूक आहे, खिळा काढायचा, पट्टीचे ऐकायचे. डोळ्याला गोड दिसणारी रेघ पाण्यालाही मानवते. मग दोन्ही बाजूंचे तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापायचे, म्हणजे होडी डावी-उजवी सारखी होते.

कडांपासून सहा-सात मिलिमीटर आत, चार-पाच इंचांवर दोन मिलीच्या बिटने भोके पाडायची. तांब्याची तार हवी. ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे दुकान मराठवाड्यात प्रत्येक बाजारगावात आहे. तिथली मिलिमीटरभर जाडीची तार चालते. तारेचे वीत-वीतभर तुकडे भोकांतून ओवून बाहेरच्या बाजूने पक्कडीने पिळायचे, आधी सगळे सैल. दोन्ही बाजू आणि बूड असे शिवले की आडवे पडलेले तुकडे वहीसारखे उघडतात आणि मधे फळी अडकवताच फरशीवर अचानक होडीचा आकार उभा राहतो. या क्षणापर्यंत घरच्यांचा विश्वास नसतो. इथे तो बसतो.

पण याच वेळी घाई करायची नाही. पुढच्या टोकापासून मागच्या दोन कोपऱ्यांपर्यंत दोरी लावून दोन्ही तिरकी मापे घ्यायची. फरक पडला तर होडी पिळली गेली आहे, आणि पिळलेली होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहते. कोपऱ्यांखाली पाचरी सारून, ओळंबा आणि गुण्या लावून ती सरळ करायची, मगच तारा आवळायच्या. पुढे इपॉक्सीत लाकडाची चाळलेली भुकटी मिसळून घट्ट लांबी करायची आणि आतल्या बाजूने प्रत्येक कोपरा भरायचा, चमच्याच्या पाठीने गोलसर ओढत. ती सुकल्यावर तारा कापून काढायच्या. एखादी अडकली तर सोल्डरिंग आयर्नने तापवली की सुटते. बाहेरच्या कडा रंध्याने गोल करून त्यावर आत-बाहेर काचकापडाची तीन इंची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवायची. खरा सांधा हाच. तार नुसती धरून ठेवण्यापुरती होती.

सामान आणताना एक-दोन गोष्टी पक्क्या कराव्या. प्लाय मागताना दुकानात नुसते ‘वॉटरप्रूफ’ म्हणू नका. आपल्याकडचे सुतार ज्याला ‘सातशे दहा’ म्हणतात तो आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लाय घ्यायचा. त्याचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. तीनशे तीन दर्जाचा प्लाय स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला ठीक, होडीला नको. पानाची कड नीट पाहा, आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर दुसरे पान काढायला सांगा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. सहा मिलीचे एक पान बारा किलोच्या आसपास भरते.

राळेबद्दलही तसेच. कूलरची फायबर बॉडी बनवणाऱ्यांकडे मिळते ती पॉलिएस्टर राळ. ती स्वस्त, पण लाकडाला धरून राहत नाही, दोन-तीन मोसमांत पापुद्रे सुटतात. इपॉक्सीच हवी. सागवानाच्या पट्ट्या कडेला लावणार असाल तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या, कारण सागवानाच्या अंगचे तेल इपॉक्सीला धरू देत नाही.

हवेचा हिशेब इथेही सुटत नाही. इपॉक्सी आणि हार्डनर मिसळले की उष्णता निर्माण होते, आणि ती उष्णताच मिश्रणाला आणखी वेगाने घट्ट करते. मे महिन्याच्या दुपारी खोल डब्यात अर्धा लिटर मिसळून ठेवलेत तर काही मिनिटांत त्यातून धूर निघेल आणि ब्रशसकट दगड होईल. थोडे-थोडे मिसळावे, पसरट ताटात ओतावे, पहाटे काम करावे. पावसाळ्यात उलट त्रास: दमट हवेत पृष्ठभागावर चिकट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. म्हणून दिवाळी ते होळी हा नांदेड-लातूरकडचा खरा होडी बांधायचा मोसम. हातमोजे सक्तीचे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. पॉलिश पेपरने घासताना तोंडावर मास्क असू द्या.

होडी किती माणसे पेलेल हे बांधण्याआधी वहीत कळते. समजा, पाण्याला टेकणारे बूड साधारण दोन मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्र १.८ चौरस मीटर. ती एक सेंटिमीटर बुडाली की १८ लिटर पाणी बाजूला सारते आणि १८ लिटर पाण्याचे वजन १८ किलो. होडी ४० किलोची आणि सत्तर-सत्तर किलोचे दोघे, एकूण १८० किलो. म्हणजे ती दहा सेंटिमीटर बुडणार. बाजू चाळीस सेंटिमीटर उंच असतील तर पाण्यावर तीस उरल्या. तिसरा बसला की आणखी चार गेल्या. यात घाबरण्यासारखे काही नाही. धोका वजनाचा कमी, तोलाचा जास्त.

होडी कलली की खाली गेलेली बाजू जास्त पाणी सारते आणि पाणी तिला परत वर ढकलते. हा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. तीन फुटी होडी चार फुटी केली तर तो सव्वादोनपटीहून जास्त होतो. म्हणून पहिली होडी रुंद हवी, मग ती जरा हळू का चालेना. आणि उभे राहिले की हाच हिशेब उलटतो, कारण वजन वर गेले. गुऱ्हाळाच्या काहिलीतून नदी ओलांडणारे लोक मधोमध उकिडवे बसतात ते याचसाठी. काहील रुंद असल्याने सहजी उलटत नाही, पण गोल असल्यामुळे तिला दिशा नसते, प्रवाहात ती गरगरत जाते. लांबट आकार होडीला दिशा देतो, रुंदी तोल देते, आणि आराखडा काढणे म्हणजे या दोहोंत तडजोड करणे.

काहिलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्याला आपण छंद म्हणतो आहोत ती मराठवाड्यात काहींची रोजची गरज आहे. जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेत जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. उपाय म्हणून पूल आणि रस्ताच हवा, यात शंका नाही. पण पूल होईपर्यंत थर्माकोलच्या जागी रुंद बुडाची, आसनांखाली हवाबंद कप्पे असलेली प्लायची होडी का नसावी? हवाबंद कप्प्यांमुळे होडीत पाणी भरले तरी ती बुडत नाही, धरून राहता येते. विष्णुपुरीच्या जलाशयालगतच गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, पलीकडे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. स्थापत्य आणि यंत्र शाखेच्या चार मुलांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात अशी एक होडी करावी. आणखी एक स्वयंचलित नळ करण्यापेक्षा ते बरे.

मित्रांची निवड प्लायपेक्षा अवघड. तीन ते चारजण पुरतात. एक मोजणारा असावा, जो मापावरून भांडतो. एक घासणारा असावा, ज्याला कंटाळा येत नाही. होडीचे निम्म्याहून अधिक काम घासण्याचे असते हे कुणी आधी सांगत नाही. एखादा नुसताच गप्पा मारणारा चालतो, चहा त्याने आणावा. शक्य असेल तर गावातल्या वयस्क सुताराला रोजावर नव्हे, सल्ल्याला बोलवा. तिफण, पाभर, बैलगाडीची चाके केलेल्या हाताला वाकडे लाकूड वाचता येते, आणि आजकाल त्यांना कुणी काही विचारत नाही.

जागा ठरवताना दाराचे माप घ्या. हा विनोद नाही. होडी खोलीत तयार होते आणि दारातून निघत नाही, असे जगभर घडत आले आहे. चार फूट रुंदीची होडी आडवी करून नेहमीच्या दारातून निघते का, हे बुठ्ठ्याचा तुकडा कापून आधीच पाहावे. जुन्या वाड्याची ओसरी सर्वांत छान. अपार्टमेंटचे पार्किंग असेल तर शेजाऱ्यांना आधी विचारा, ग्राइंडरचा आवाज सुरू झाल्यावर नको.

आणि शेवटी नदी. नांदेडच्या वर्तमानपत्रांत हल्ली ‘तराफा’ हा शब्द येतो तो वाळूउपशाच्या बातमीत. महसूल खात्याने पकडले आणि जाळले. त्या उपशाने गोदावरीच्या पात्रात जागोजागी खोल खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता माणूस अचानक बुडतो तो त्यांत. म्हणून होडी कुठेही ढकलू नका. पात्र ओळखतो तो भोई. गोदाकाठच्या भोई समाजातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पहिल्या दिवशी सोबत घ्या आणि तो नको म्हणेल तिथे जाऊ नका. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे केव्हाही उघडतात, तेव्हा धरणाच्या खाली होडी घालायचीच नाही. जलाशयात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये इंजिन नसलेल्या नावांच्या स्थानिक नोंदणीची तरतूद आहे, त्याची विचारणाही करून ठेवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बांधलेले. आसनाखाली ठेवलेले नव्हे. पोहता येणाऱ्याच्याही.

पहिल्यांदा उतरवताना रिकामीच उतरवा. दोरी बांधून काठाजवळ तासभर ठेवा आणि आत ओल कुठून येते ते बघा. मग काठालगतच, कमरेएवढ्या पाण्यात, मुद्दाम ती पाण्याने भरा आणि तरंगते का पाहा. मग एकजण बसा. गोड पाण्यात होडी समुद्रापेक्षा किंचित जास्त बुडते, परदेशी आराखड्यातली रेघ आणि तुमची रेघ जुळली नाही तर बिचकू नका.

यंदा दिवाळीचे फटाके संपले की प्लायची पाने आणा. पहिली होडी आठ फुटांचीच करा. बारा फुटांची ती एक पावसाळा टिकल्यावर.